निशाणी बांगडी

सहदेवचं पत्र वर्षभर पोथीच्या फळीखाली पडून होतं. वामनराव पंतोजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. तीनदा बोरू घेऊन बसले आणि तीनदा दौत झाकून उठले.

पत्र तसं साधंच होतं. सहदेव त्यांचाच जुना विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी कापसाच्या गाड्यांबरोबर गेला, तो मुंबईच्या गोदामात गाठी बांधत होता. त्यानं लिहिलं होतं, 'कपाशीला सोन्याचा भाव आहे. आईने ये म्हटले की निघतो. बापाच्या सगळ्या वावरात कपाशी पेरीन.' आईला अक्षर येत नव्हतं. वलगावात पत्र वाचणारे पंतोजीच, म्हणून पत्र त्यांच्या नावानं आलं होतं.

ते वावर आता मळा झालं होतं. दूर कुठल्या मुलखात लढाई लागली, कापसाचा भाव चढला आणि वऱ्हाडात लोकांनी उंबऱ्यापर्यंत कपाशी पेरली. गावात मेथीची जुडी दिसेना. सहदेवचा बाप पटकीत गेलेला. तेव्हा त्याची आई सुभद्राबाई चार लोकांना म्हणाली, "माह्यं वावर पडीक हाये. या, मिळून भाजी लावू. ज्याले पाह्यजे त्यानं न्यावी."

नत्थुजीनं मोटेला बैल दिले. इनायतुल्लानं बियाणं आणलं. ज्याला सवड असेल तो येऊन खुरपायचा. संध्याकाळी टोपली मारुतीच्या पारावर ठेवायची आणि गरजू घरं न विचारता भाजी न्यायची.

पंतोजींची शाळा तोवर ओस पडली होती. पोरं वेचणीला गेली होती. महिनाभर त्यांच्याशी कोणी बोललं नाही; ते स्वतः कोणाशी बोलायला जाणारे नव्हतेच. एके सकाळी सुभद्राबाई दारात उभी राहिली. "रिकामे बसले तं पाणी वळवाले या, पंतोजी."

तेव्हापासून वांग्याचे चार वाफे त्यांचे. वाफ्याशी ते वाकून बराच वेळ बसत. नत्थुजी मोटेवरून ओरडायचा, "पंतोजी, वांग्याले बाराखडी शिकवू नका, पाणी पाजा!" सगळे हसायचे. साठाव्या वर्षी कोणी त्यांची थट्टा करू लागलं होतं. घरी जाताना पंतोजी ती आठवून एकटेच हसत.

माघात एका सकाळी डाकेचा हरकारा कुर्बान घुंगरांची काठी वाजवत थेट मळ्यात आला.

"पंतोजी, सहदेवचं अजून एक पत्र!"

सुभद्राबाईनं खुरपं खाली ठेवलं. "अजून एक?"

पंतोजींनी मान खाली घातली. "एक गेल्या साली आलं होतं. उत्तर... काही जमेना."

"अरे बाप्पा!" नत्थुजी म्हणाला. "पोथ्या लिवणाऱ्याले चार ओळी जमेना!"

सुभद्राबाई हसली नाही. पंतोजींकडे बघत राहिली. मग पाटात हात धुतले आणि म्हणाली, "वाचा."

पंतोजींनी जसंच्या तसं वाचलं. 'होळीनंतर मारिशसचे जहाज सुटते. आईचा निरोप आला तर गावी येतो. नाही आला तर माझे तिथे कोणी उरले नाही असे समजून जातो.'

मोटेची चाकं थांबली होती.

"तो आला तं कपाशीच पेरन," नत्थुजी म्हणाला. "मळा गेला समजा."

"जाने दो," इनायतुल्ला म्हणाला. "ज्याचं वावर त्याले. पोट्ट्याहून काय भाजी मोठी हाये?"

"एक कोपरा ठेव म्हणीन मी त्याले," सुभद्राबाई म्हणाली. "लिवा, पंतोजी. आत्ताच लिवा."

पंतोजी घरून दौत आणि बोरू घेऊन आले. वांग्याच्या वाफ्यापाशी बसले. झाडांना जांभळी फुलं धरली होती.

"लिवा, मी वाट पाहून राह्यली. लिवा, गाय व्याली. कालवड झाली, तिले तो आल्यावरच नाव ठेवीन."

"लिवा, नत्थुकाकाचे बैल नांगराले तयार हायेत," नत्थुजी म्हणाला.

"लिवा, इनायतचाचा शिव्या देऊन राह्यला, लौकर ये," इनायतुल्ला म्हणाला.

पंतोजी मान वर न करता लिहीत होते. अक्षर नेहमीसारखं, मोत्याच्या दाण्यासारखं.

सुभद्राबाई वाकून बघू लागली. "एवढंसंच? मी तं किती सांगतलं!"

"मोडीला जागा कमी लागते, सुभद्राबाई."

"वाचून दाखवा मंग."

त्यांनी वाचून दाखवलं. वाट पाहणं, गाय, कालवड, बैल, चाचाच्या शिव्या. एक शब्द गळला नाही. सुभद्राबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"सगळ्यांच्या निशाण्या घेतो," पंतोजी म्हणाले. "त्याला भरवसा वाटेल."

नत्थुजीनं सहीच्या जागी नांगर काढला. इनायतुल्लानं नांगर काढला. मग बोरू सुभद्राबाईच्या हातात आला.

"बाईमाणसाची निशाणी बांगडी," पंतोजी म्हणाले.

ती आपल्या मोकळ्या मनगटाकडे बघून हसली. "माह्या हातात तं नाई."

"कागदावर चालते."

त्यांनी तिचा हात धरून गोल काढवला. गोल वाकडा झाला. पंतोजींनी वाळू टाकली, झटकली, घडी घातली, लाखेनं बंद केलं. कुर्बाननं पत्र थैलीत टाकलं आणि अमरावतीच्या रस्त्याला लागला. घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत सुभद्राबाई बांधावर उभी होती.

"कधी पोचन?"

"होळीच्या आत."

"लई उपकार झाले, पंतोजी," ती म्हणाली, आणि त्यांच्या वांग्यांकडे पाणी वळवून आली.

थैलीतल्या कागदावर लिहिलं होतं: 'चिरंजीव सहदेव यास आशीर्वाद. तुझी मातोश्री सुभद्राबाई श्रावणात पटकीने वारली. वावर सरकारजमा झाले. इथे तुझे कोणी उरले नाही. जहाजाने सुखरूप जावे. हे गावकऱ्यांच्या साक्षीने लिहिले.' खाली दोन नांगर होते आणि एक वाकडी बांगडी.