‘संपलं’चा डबा

लेकीला ना दिसतं, ना ऐकू येतं. म्हणून घरात वस्तूच बोलतात. फळीवरचा चमचा हातात दिला की जेवण, टॉवेल दिला की अंघोळ, किल्ल्यांचा जुडगा दिला की बाबा आले. झालं की ती वस्तू ‘संपलं’च्या डब्यात.

“एकदा तरी स्वतःहून काही माग की गं,” आई उगाचच तिच्याशी बोलायची.

आज लेक फळीकडे गेलीच नाही. डब्याचा तळ चाचपून तिनं जुडगा काढला आणि आईच्या तळहातावर ठेवला.

“अहो, मागितलं तिनं!” शिकवायला येणाऱ्या बाईंना आनंद आवरेना.

आईची मूठ मिटली. बाबा वारले तेव्हा आईनंच तो जुडगा, काळजावर दगड ठेवून, डब्यात टाकला होता.

लेक मात्र मागून मोकळी झाली आणि दारापाशी जाऊन बसली.