पाटीवरचं ब्रॉडबँड

"आता अडकलं ना काका, तर मला टिटवाळ्यातून तडीपार करा," म्हणत बंटी स्टुलावरून खाली उतरला. भिंतीवर इंटरनेटच्या नव्या डब्याचा हिरवा दिवा लुकलुकू लागला.

बंटी केबलवाला. केस पिकले तरी नाव बंटीच राहिलं. त्याच्या दुकानाच्या पाटीवर 'स्वस्त ब्रॉडबँड' असं लिहिलेलं होतं. त्यातलं 'ब्रॉडबँड' जगनरावांनी भांडून भांडून पुसायला लावलं. आता पाटीवर नुसतं 'स्वस्त' उरलं होतं. गिऱ्हाईक मात्र वाढलं होतं.

जगनराव पाणीखात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. "थेंब थेंब गळतं, त्याला नळ म्हणतात का रे?"

"काका, तुमच्या खात्यानं जन्मभर आम्हाला तेच म्हणायला लावलं," बंटी म्हणायचा.

पण भांडण शब्दासाठी नव्हतं. मुलगा रत्नदीप मेलबर्नला होता. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. जेवलास का, थंडी किती आहे, बाबांचा गुडघा काय म्हणतो, इथवर लाईन धडधाकट असायची. जगनरावांनी "कधी येतोस?" विचारलं, की रत्नदीप अर्ध्या शब्दावर थिजायचा. मग कॉल तुटायचा. एवढा जड प्रश्न स्वस्त लाईनला पेलत नसावा, असं जगनरावांचं मत होतं. रमाबाई पदरानं टॅबची काच पुसायच्या. धुळीमुळेच लेक अडकला असावा तशा.

रमाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. "रत्ना येऊ दे, मग करू" म्हणत त्यांनी ऑपरेशन कितीदा पुढे ढकललं. पट्टी सोडल्यावर पहिला चेहरा लेकाचा दिसावा, एवढाच हट्ट. आता डॉक्टर थांबायला तयार नव्हते. त्यांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली होती. म्हणून जगनरावांनी हट्टानं महागातली लाईन घेतली. या रविवारी उत्तर हवंच होतं.

रविवारी टॅब डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. रत्नदीप आला. असा आला, की दाढीतले पांढरे केस वेगळे दिसावेत. मागे सोफा, सोफ्यावर मांजर.

"बाबा, एकदम क्लिअर दिसताय आज!"

"बंटीची सालटी काढली, तेव्हा कुठे आलंय हे," जगनराव खुशीत म्हणाले. "बरं ऐक. आईच्या डोळ्यांचं ठरलं. पट्टी सोडताना समोर तू हवास म्हणते. कधी येतोस?"

"बाबा, मी बघतो... म्हणजे..."

रत्नदीप थिजला. तोंड अर्धं उघडं. एक हात हवेत.

जगनरावांनी बंटीच्या नावानं दात खाल्ले. तेवढ्यात मागचं मांजर उठलं. त्यानं सावकाश आळस दिला. सोफ्यावरून उडी मारली आणि येऊन रत्नदीपच्या मांडीवर बसलं. रत्नदीप हलला नाही. मांजर त्याचा हवेतला हात हुंगू लागलं. तरी तो हलला नाही. लाईन इतकी चांगली होती, की त्याच्या डोळ्यातून निघालेलं पाणी गालावरून उतरताना स्वच्छ दिसलं.

रमाबाई डोळे बारीक करून पुढे सरकल्या. "अडकला का हो?"

जगनरावांनी मांजराकडे पाहिलं.

"हो. अडकला. लाईनच खराब."

रमाबाईंनी पदराचं टोक घेतलं आणि अंदाजानं लेकाचा चेहरा पुसला. "राहू दे. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?"

हात उचलून किती वेळ बसेल, म्हणून जगनरावांनीच कॉल कापला.

दुसऱ्या दिवशी बंटी शटर वर करतोय, तोवर ते दुकानासमोर उभे.

"जुनी लाईन परत जोड. आणि पाटीवर ब्रॉडबँड लिहून टाक. माझी तक्रार नाही."

बंटी त्यांच्याकडे बघतच राहिला. "काय काका! माझी पाटी पुसलीत, डोकं खाल्लंत, आणि आता परत तीच? नव्या लाईनमध्ये खराबी काय आहे ते तरी सांगा."

"काही नाही रे," जगनराव म्हणाले. "पुढच्या महिन्यात तुझ्या काकूला स्पष्ट दिसायला लागेल."