सावळवाडीचा थांबा

विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघत होते त्या सालात गोदावरीच्या पुरानं सावळवाडी धुऊन नेली आणि सरकारनं ती दीड कोस दूर माळावर नव्यानं वसवली. माणसं वर आली, गुरं वर आली, गावाचं नावही वर आलं. एसटी डेपोच्या कागदात मात्र गाव नदीकाठीच राहिलं. त्यामुळं सोनपेठची गाडी रोज सकाळी जुन्या ओसाड गावात, एकट्या लिंबाच्या झाडाखाली थांबायची, आणि लिंबाजीची नात कावेरी दहावीची शाळा गाठायला तिथवर दीड कोस पळायची.

शेवटी लिंबाजी डेपोत गेला. "साहेब, गाव वर गेलंय अन् गाडी खालीच थांबायलीय. पोरगी लय दमली, शाळा सोडते म्हणायलीय."

"बाबा, गाव हलवायच्या आधी डेपोला विचारलं होतं का?"

"पुरानं आमाला तरी कुटं विचारलं, साहेब?"

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. "सोमवारी आमचा माणूस गावात येऊन बघून जाईल."

सोमवारी सगळी सावळवाडी धुतले कपडे घालून, हार-नारळ घेऊन माळावरच्या नव्या वेशीत बसली. चहा तीनदा आटला, सांज झाली, पण माणूस काही आला नाही.

पंधरा दिवसांनी कावेरीला त्या लिंबाच्या खोडावर डेपोचा कागद चिकटवलेला दिसला.

 

"समक्ष पाहणी केली. सावळवाडीत एकही माणूस राहत नसल्याचे आढळले. सबब, येथील थांबा आजपासून बंद."