बावन्न सेकंद

टुरेट सिंड्रोममुळे ऋषीची मान अचानक झटकायची, तोंडून भुंकल्यासारखा आवाज निघायचा. तसाच आजार असलेल्या एका तरुण व्हायोलिनवादकाचा सिनेमा नेरूळला लागला. राष्ट्रगीताच्या वेळी कुणी मारलं तर, या धास्तीने वैजयंतीने मुलाला मुद्दाम दहा मिनिटं उशिरा आत नेलं.

“आई, संपलं ना टेन्शन?”

“संपलं. बघ आता निवांत.”

शेवटच्या सीनमध्ये पडद्यावरच्या हीरोने, मान झटकत झटकत, व्हायोलिनवर राष्ट्रगीत सुरू केलं. अख्खं थिएटर ताडकन उभं राहिलं. वैजयंतीने ऋषीचा हात घट्ट धरला. त्याची मान झटकलीच, आवाजही निघाला.



पुढच्या रांगेतले काका हीरोसाठी आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत मागे वळले. “ए, नीट उभा राहा, नाहीतर बाहेर ये, दाखवतो.”