मेलेल्याने मोजू नये

सम्राट तिसऱ्या गाण्यात मेला आणि चौथ्याच्या तोंडाशी म्हणाला, "एक, दोन, तीन, चार."

ड्रमवाल्याने लगेच ठेका धरला. गायिकेने हातातली पुठ्ठ्याची तलवार जमिनीवर आपटली. तलवार वाकली आणि तशीच राहिली.

"दादा, तू मेलायस."

"माहितीये," सम्राट डोळे मिटूनच म्हणाला. "पण कोणीतरी मोजायला नको का?"

रंगीत तालीम दुपारपासून इथेच अडकली होती. संध्याकाळी याच स्टेजवर तिचा पहिला एकटीचा अल्बम लोकांसमोर यायचा होता. रॉकच्या दणक्यात एका राणीची सलग गोष्ट. तीन गाणी राणी सम्राटाने लिहून दिलेलं गाते, मग त्याला मारते आणि चौथ्यात पहिल्यांदा स्वतःचं तोंड उघडते. सगळा खटाटोप त्या चौथ्यासाठी.

सम्राटाचं काम भावाला द्यायचं हे आईने ठरवलं होतं. "त्याचा बँड सोडून निघालीस, निदान मरायला तरी बोलाव त्याला." मुळात सम्राट पहिल्याच गाण्यात मरायचा. दादाने भांडून तिसऱ्यापर्यंत आयुष्य वाढवून घेतलं.

"इतकी वर्षं तूच मोजलंस," ती म्हणाली. "मी कधी तोंड उघडायचं ते तू ठरवायचास. आता बास."

"तू घाई करतेस, चिमणे. गाणं पळतं."

"पळू दे! माझं आहे!" ती ड्रमवाल्याकडे वळली. "आणि तू रे? इथे राणी ढळढळीत जिवंत उभी आहे, आणि तू कधी वाजवू म्हणून प्रेताकडे बघतोस?"

"सवय, ताई."

"प्रेत नाही," खालून आवाज आला. "पार्थिव म्हणा. सम्राट आहे."

तेवढ्यात विंगेतून मॅनेजरने डोकं बाहेर काढलं. "लोक दाराशी आलेत. आत सोडू?"

"सोडा," पार्थिव म्हणालं.

मॅनेजर निघालासुद्धा.

"थांबा!" ती अशी किंचाळली की माइकही शिट्टी मारून गप्प झाला. "मी सांगेपर्यंत दार उघडायचं नाही!"

तिने खांद्यावरचा काळा झगा ओढून काढला आणि भावाच्या अंगावर फेकला. तोंड झाकलं, मुकुट झाकला. एक पाय तेवढा बाहेर राहिला.

"चौथं," ती म्हणाली. "कोणीही मोजायचं नाही."

सगळे थांबले. झग्याबाहेरचा बूट हळूच हलला. एकदा. मग आणखी एकदा. ड्रमवाल्याची नजर तिकडे घसरली.

तिने त्या बुटावर आपली टाच ठेवली आणि सगळा भार टाकला.

"आई गं," झगा म्हणाला.

त्यातला 'गं' पुरा व्हायच्या आत ती गायला लागली होती. गाणं पळालं. ड्रमवाला मागून धावत आला.