चौकोनी मडगार्ड

१९८९ साली कोलशेतचा परशुराम आणि त्याची बायको शेवंती पहिल्यांदाच मोटारींच्या रॅलीत उतरणार होते; तो गाडी चालवणार, ती नकाशा बघून रस्ता सांगणार. जुन्या फियाटला रुंद चाकं बसवली, तर ती मडगार्डच्या बाहेर आली.

"मडगार्डचा पत्रा ठोकून गोल फुगवून घ्या," शेवंती म्हणाली. "गाडीच्या अंगातनंच आल्यासारखं दिसेल."

"अगं, कुठे आपटलं तर सगळा पत्रा जाईल. वरून चौकोनी पट्ट्या रिव्हेट मारून लावू. तुटल्या तर बदलता येतील."

"डबे चिकटवल्यासारखी दिसेल गाडी."

महिनाभर हेच चाललं. शेवटी वैतागून, ती माहेरी गेलेली असताना परशुरामने चौकोनी पट्ट्या बसवून टाकल्या. परत आल्यावर शेवंतीने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि घरात गेली. त्यानंतर ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही.

रॅलीच्या सकाळी मात्र ती हेल्मेट घालून शेजारी येऊन बसली. राग गेला एकदाचा, असं समजून परशुरामने गाडी दामटली. घाटात रस्त्याला दोन फाटे फुटले.

"डावीकडे की उजवीकडे?" त्याने विचारलं. मग ओरडून विचारलं.


नकाशा शेवंतीच्या मांडीवर उघडा होता, आणि ती खिडकीबाहेर बघत होती.