शुक्राच्या पुढची लाट

यान शुक्रापासून अजून चार महिन्यांच्या वाटेवर होतं, आणि लाट तिथेही होती.

रंजिताने डबा बाजूला सारला आणि पडद्यावर पुढच्या दिवसाच्या नोंदी उघडल्या. लाट होती. त्याच्या पुढच्या दिवशीही होती.

सूर्याकडून सतत वारा वाहत असतो. तो ग्रहावर आदळण्याआधीच त्याला ग्रहाची चाहूल लागते आणि त्यात चुंबकीय लाटा उठतात. पनवेलच्या संस्थेत बसून रंजिता तीन वर्षं शुक्रापुढच्या अशा लाटा एका यानाच्या नोंदींतून वेचत होती. कुणी सांगितल्या नव्हत्या इतक्या दूरवर तिला त्या सापडल्या. गेल्याच आठवड्यात तिचा त्यावरचा पेपर एका विज्ञान नियतकालिकाने स्वीकारला. आज केवळ एक तक्ता पुरा करायचा म्हणून तिने यान शुक्राकडे निघालं होतं तेव्हाच्या जुन्या नोंदी काढल्या. तिथे जवळपास ग्रहच नव्हता.

तीन वाजेपर्यंत कारणही हाती आलं. यानातला एक हीटर ठरावीक वेळाने चालू-बंद होत होता. लाट त्याच्या विजेची होती.

तिचे मार्गदर्शक प्रभाकर सर यांनी आलेख दोनदा पाहिले. पेपर छापून येऊ दे, पुढच्या पेपरात दुरुस्ती टाकू, ते म्हणाले. उपकरण म्हटलं की थोडी खरखर असायचीच. खरखर नाही सर, सगळी लाटच हीटरची आहे, असं रंजिताने सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, पहिलं नाव तुझं आहे, तू ठरव. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

दुसरं नाव धनेशचं होतं. सोमवारी त्याची नोकरीची मुलाखत होती आणि अर्जात हाच पेपर सगळ्यात वर होता. त्याला फार समजवावं लागलं नाही.

"त्या जुन्या नोंदी उघडायला तुला सांगितलं कुणी?" एवढंच त्याने विचारलं.

दुपारपासून तीही स्वतःला तेच विचारत होती.

पेपर मागे घेत असल्याचं पत्र चार ओळींचं होतं. ते तिला तीनदा लिहावं लागलं, कारण दर वेळी त्यात कुठेतरी सबब शिरायची. साडेचारला तिने ते पाठवलं आणि स्कूटर काढली. वाटेत सिग्नलला ती एका रिक्षावाल्यावर खेकसली. त्याने काहीच केलं नव्हतं.

विचुंब्याच्या नाक्यावर तिचे वडील महादेव शिडीवर चढून फ्लेक्स बांधत होते. त्यावर तिचा फोटो होता, खाली भावकीतल्या पाच जणांचे, आणि बाजूला शुक्र म्हणून छापणाऱ्याने कडी असलेला शनी टाकला होता. 'विचुंब्याच्या लेकीचा अंतराळात शोध.'

"बाबा, उतरा खाली," ती म्हणाली. "ते चुकीचं निघालं. मी मागं घेतलं."

महादेवांचा हात थांबला. "चूक धरली कोनी?"

"मीच."

"आनखी कोनाला कललं असतं?"

"नाय. लवकर तरी नाय."

त्यांनी शनीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. डाव्या टोकाची गाठ त्यांनी खांबाला घट्ट आवळली आणि उजव्या टोकाची दोरी खाली सोडली.

"धर," ते म्हणाले.

रंजिताने दोरी धरली. ओढली नाही, सोडलीही नाही.